घरचा संगणक : पाहुण्याला त्याची खोली द्या



या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. एका भगिनींनी तो अगदी नेमका विचारला आहे : “मुलगा नववीत आहे. त्याने संगणकावर विमान उडवण्याचे सॉफ्टवेअर घेतले. आता रोज नवे विमान, नवा विमानतळ आणून त्यात टाकतो. परवा म्हणाला, ‘अम्मी, दहा मिनिटं अँटिव्हायरस बंद करू दे, नाहीतर हे विमान बसतच नाही.’ त्याच संगणकावर त्याच्या अब्बांच्या दुकानाचा हिशेब आहे, बँकेचे काम आहे. हो म्हणू की नाही?”

अँटिव्हायरसपुरते उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण नुसते ‘नाही’ म्हटल्याने मूल काही शिकत नाही. आपण झोपलो की ते तेच करते. म्हणून या वेळी हा विषय जरा उलगडून पाहू. पालकांनी वाचावा आणि मग मासिक मुलाच्या हाती द्यावे.

हे प्रकरण आहे तरी काय?

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमानोड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर. यात मुख्य भर बंदुका, गुण किंवा जिंकणे-हरणे यांवर नसतो. वारा, वजन, इंधन, धावपट्टीची लांबी यांचा विचार करून विमान नीट उतरवायचे, एवढेच. मायक्रोसॉफ्टने आपला पहिला सिम्युलेटर 1982 साली आणला. आज मुलांच्या तोंडी तीन नावे असतात : मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर. यातला फ्लाइटगिअर पूर्णपणे मोफत आहे आणि तो कायदेशीररीत्या मोफत आहे. घरी उडवलेले तास वैमानिकाच्या परवान्यात धरले जात नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. तरीही भूगोल, गणित आणि इंग्रजी या तिन्ही विषयांना या छंदाचा फायदा होतो.

मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसलेली गोष्ट बाहेरून आणून त्यात बसवली की तिला अ‍ॅड-ऑन म्हणतात. एखादे नवे विमान, मुंबई विमानतळाची अधिक बारकाईने केलेली इमारत, विमानाला एखाद्या कंपनीचा रंग, हवामान दाखवणारे छोटे प्लग-इन, हे सगळे अ‍ॅड-ऑनच. काही विकत मिळतात, काही हौशी लोक मोफत देतात. मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या आवृत्तीसाठी फ्लायबायवायर या गटाने केलेले एअरबस ए-320 निओ मोफत आहे आणि ते विकतच्या विमानांच्या तोडीचे मानले जाते. तेव्हा चांगली वस्तू हवी तर चोरीचीच आणावी लागते, हा समज मुळातच चुकीचा आहे.

एकच नियम

अ‍ॅड-ऑन हा पाहुणा आहे. पाहुण्याला आपण बसायला जागा देतो, खोली देतो. पण त्याचे कपडे आपल्या कपाटात मिसळून ठेवत नाही आणि तिजोरीची किल्लीही देत नाही. तो जायला निघाला की त्याचे सामान त्याच्याबरोबर जाते, घर होते तसे राहते. अ‍ॅड-ऑन बसवण्याची सगळी विद्या एवढ्यात आहे : त्याला वेगळी जागा द्या, त्याला लागेल तेवढाच हक्क द्या, आणि तो परत कसा पाठवायचा हे आणण्याआधी ठरवा.

हा नियम जाणकारांनाही अनुभवातूनच कळला. 2006 साली आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर एक्स या आवृत्तीत एखादे विमान बसवले की त्याचा सांगाडा एका फोल्डरमध्ये जायचा, घड्याळांच्या फायली दुसऱ्यात आणि धुराचे-दिव्यांचे परिणाम तिसऱ्यात. नव्या विमानतळाची नोंद आणखी एका मुख्य फाईलमध्ये व्हायची. म्हणजे पाहुण्याचे कपडे घरभर. वर्षभराने कोणती फाईल कोणाची हे सांगणे कठीण व्हायचे आणि एक अ‍ॅड-ऑन काढताना दुसरे बिघडायचे. त्यातच हे सॉफ्टवेअर विंडोजच्या प्रोग्राम फाइल्स या संरक्षित फोल्डरमध्ये बसत असे आणि नव्या विंडोजमध्ये तिथे फायली बदलताना अडथळे येत. म्हणून जुने जाणते सांगत : सी ड्राइव्हवर साधा वेगळा फोल्डर करा आणि सिम्युलेटर तिथे बसवा.

पुढे लॉकहीड मार्टिनने याच घराण्यातला प्रिपेअर-थ्री-डी काढला. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत अ‍ॅड-ऑन मूळ सॉफ्टवेअरच्या बाहेर, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय झाली. ते कुठे आहे हे एक छोटी फाईल सिम्युलेटरला सांगते. 2020 च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरने तर पाहुण्यांसाठी खोलीच बांधली. तिचे नाव कम्युनिटी फोल्डर.

कम्युनिटी फोल्डरची रीत

या फोल्डरमध्ये प्रत्येक अ‍ॅड-ऑनचा स्वतःचा एक फोल्डर असतो. बसवायचे म्हणजे तो फोल्डर आत ठेवायचा, काढायचे म्हणजे उचलून बाहेर ठेवायचा. दोन्ही वेळी सिम्युलेटर बंद असावा. सिम्युलेटरच्या आतल्या दुकानातून विकत घेतलेल्या वस्तू मात्र ऑफिशियल नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. तिथे हाताने काही करू नये.

कम्युनिटी फोल्डर सापडतच नाही, अशी मुलांची तक्रार असते. तो विंडोजच्या लपवलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरच्या आत खोलवर असतो. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून आणि स्टीमवरून घेतलेल्या प्रतींत त्याची जागा वेगवेगळी असते. सोपा मार्ग असा : सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करा आणि टूल्समधल्या व्हर्च्युअल फाईल सिस्टिममधून तो उघडा. एकदा सापडला की पत्ता वहीत लिहून ठेवा.

आता सर्वांत जास्त वेळा होणारा घोळ. डाऊनलोड केलेली वस्तू बहुधा झिप फाईल असते. ती तशीच कम्युनिटीत टाकली तर काही होत नाही. आधी दुसऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये ती उघडावी. उघडल्यावर अनेकदा फोल्डरच्या आत त्याच नावाचा आणखी एक फोल्डर निघतो. ज्या फोल्डरमध्ये शिरताच मॅनिफेस्ट आणि लेआउट या नावांच्या दोन जेसन फायली समोर दिसतात, तो खरा फोल्डर. तोच कम्युनिटीत ठेवायचा. वरचे रिकामे वेष्टन ठेवले तर सिम्युलेटरला आतला पाहुणा दिसत नाही आणि मूल म्हणते, “बसवलं, पण विमान येतच नाही.”

लेआउट ही त्या पाहुण्याच्या सामानाची यादी असते. यादीत नसलेली वस्तू सिम्युलेटर ओळखत नाही. म्हणून फोल्डरमध्ये स्वतःच्या मनाने नवे चित्र टाकून ते दिसेल अशी अपेक्षा धरू नये.

एक्स-प्लेन : आधी सतरंजी, मग दस्तरख्वान

एक्स-प्लेनमध्ये खोल्या तीन आहेत. विमाने एअरक्राफ्ट फोल्डरमध्ये, भूप्रदेश आणि विमानतळ कस्टम सीनरीमध्ये, आणि प्लग-इन हे रिसोर्सेसच्या आतल्या प्लगइन्स फोल्डरमध्ये. हे कळले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे क्रम.

कस्टम सीनरीत सीनरी पॅक्स नावाची एक आयएनआय फाईल आपोआप तयार होते. त्यात सगळ्या भूप्रदेशांची यादी असते आणि यादीत जे वर त्याचा मान आधी. विमानतळ वर हवेत, त्याखाली झाडे-इमारतींचे थर, त्याखाली उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रे आणि जमिनीचा मूळ उंचसखलपणा सर्वांत तळाशी. आपण जेवायला बसताना आधी सतरंजी अंथरतो, तिच्यावर दस्तरख्वान, त्यावर ताटे. कोणी ताटांवरच सतरंजी अंथरली तर? जमिनीची फाईल यादीत वर गेली की नेमके तेच होते. विकत आणलेला विमानतळ खाली झाकला जातो आणि मूल विक्रेत्याला दोष देते.

नवी वस्तू टाकली की एक्स-प्लेन तिला स्वतःहून यादीत वर ठेवतो. म्हणून दर वेळी यादी उघडून क्रम पाहावा. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवावी. एखादी वस्तू तात्पुरती बंद करायची असेल तर तिच्या ओळीतल्या ‘सीनरी पॅक’ या खुणेच्या जागी ‘सीनरी पॅक डिसेबल्ड’ अशी खूण करतात, फायली हलवाव्या लागत नाहीत. फाईलमध्ये ही खूण इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ देऊन असते, ती तशीच ठेवावी.

अनेक विमानतळांना झाडे, गाड्या, दिवे अशा सामायिक वस्तूंचा संग्रह लागतो. त्याला लायब्ररी म्हणतात आणि तीही कस्टम सीनरीतच ठेवतात. विमानतळ उघडत नसेल तर एक्स-प्लेनच्या फोल्डरमधली लॉग नावाची मजकुराची फाईल वाचावी. कोणती वस्तू सापडली नाही ते तिथे लिहिलेले असते. आम्ही शाळेत मुलांना सांगतो की प्रश्न दोनदा वाचा, अर्धे उत्तर त्यातच असते. लॉग फाईलचेही तसेच आहे.

फ्लाइटगिअरची गोष्ट सोपी आहे. त्याच्या सुरुवातीच्या पडद्यावरूनच विमानांची यादी उघडते आणि तिथूनच ती घेता येतात. बाहेरून आणलेल्या विमानांसाठी वेगळा फोल्डर करावा आणि त्याचा पत्ता अ‍ॅड-ऑन्स या पानावर द्यावा. मात्र काही विमानांच्या झिप उघडल्यावर फोल्डरच्या नावाला ‘-मास्टर’ असे शेपूट लागलेले असते. ते काढल्याशिवाय अनेक विमाने नीट चालत नाहीत. उर्दूत एक नुक्ता वाढला की ‘दुआ’ची ‘दगा’ होते, हे आमच्या वर्गातल्या मुलांना पाठ आहे. संगणकही अक्षराच्या बाबतीत तितकाच कडक आहे.

एका वेळी एकच

सुट्टी लागली की मुले एका रात्रीत वीस अ‍ॅड-ऑन टाकतात. सकाळी सिम्युलेटर उघडत नाही आणि दोष कोणाचा ते कळत नाही. एक बसवा, सिम्युलेटर उघडा, एक फेरी मारा, मगच दुसरे. वेळ जास्त जातो असे वाटते, पण शेवटी वाचतो.

गोंधळ झालाच तर तोडगा गणितात आहे. समजा 32 अ‍ॅड-ऑन आहेत आणि त्यांतले एक बिघडलेले आहे. एकेक काढून पाहिले तर 31 वेळा पाहावे लागेल. त्याऐवजी निम्मे बाहेर काढा. सिम्युलेटर चालला तर दोषी बाहेरच्या 16 मध्ये, नाही चालला तर आतल्या 16 मध्ये. मग 8, मग 4, मग 2, मग 1. पाच फेऱ्यांत दोषी सापडतो. मुलाला हे स्वतः करू द्या. दोनाचे घात त्याला फळ्यापेक्षा इथे चांगले कळतील.

एकाच विमानतळाची दोन अ‍ॅड-ऑन ठेवू नयेत. इमारतीवर इमारत उभी राहते, धावपट्टी हवेत तरंगते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे विमानतळाचा चार अक्षरी संकेत. मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी. फोल्डरच्या नावात हा संकेत बहुधा असतो. तोच संकेत दोनदा दिसला की एक बाहेर काढावे.

सिम्युलेटरची नवी आवृत्ती येते तेव्हाही सावध राहावे. घर नव्याने रंगवताना आपण सामान बाहेर काढतो, तसे मोठ्या अपडेटआधी कम्युनिटीतले सगळे बाहेर एका फोल्डरमध्ये ठेवावे. अपडेट करावे, मूळ सॉफ्टवेअर चालते का पाहावे, मग पाहुण्यांना थोडे थोडे करून आत घ्यावे. ज्यांच्या कर्त्यांनी नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती काढली नसेल, त्यांना थोडे थांबू द्यावे.

किल्ली कोणाच्या हाती?

आता भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वर सांगितलेल्या बहुतेक रीतींत फक्त फोल्डर एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवायचा आहे. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागत नाही आणि संगणकाच्या मालकाचा पासवर्डही लागत नाही. म्हणून एखादे विमान पासवर्ड मागू लागले की विचारायचे : तुला तिजोरीची किल्ली कशाला हवी?

कधी उत्तर रास्त असते. काही नामांकित विमाने स्वतःच्या इन्स्टॉलरने बसतात आणि त्यांना विंडोजचे काही भाग टाकावे लागतात. पण विश्वास ठेवतानाही डोळे उघडे हवेत. फेब्रुवारी 2018 मध्ये फ्लाइट सिम लॅब्स या कंपनीच्या ए-320 विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये, क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून घेणारा एक छोटा प्रोग्राम वापरणाऱ्यांना सापडला. कंपनीने सांगितले की तो फक्त चोरीचा क्रमांक वापरणाऱ्याला पकडण्यासाठी होता, प्रामाणिक ग्राहकांवर तो चालत नव्हता. पण ती फाईल प्रामाणिक ग्राहकांच्या संगणकावरही उतरत होती. गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली आणि ती फाईल काढून नवा इन्स्टॉलर दिला.

या घटनेतून दोन्ही बाजूंचा धडा मिळतो. नाव असलेल्या कंपनीच्या हातून हे होऊ शकते, तर कुठल्याशा अनोळखी ठिकाणाहून ‘फुकट’ मिळालेल्या, कुलूप तोडलेल्या विमानात काय असेल याची हमी कोण देणार? असल्या फायलींबरोबरच ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना हमखास येते. चोर आधी चौकीदाराला झोपवतो. शिवाय कोणाची तरी काही वर्षांची मेहनत पैसे न देता उचलणे याला आपल्या घरात काय म्हणतात, ते मुलाला वेगळे सांगायला नको.

पालकांनी करायच्या गोष्टी चारच आहेत. एक, विंडोजमध्ये मुलासाठी साधे खाते उघडा आणि मुख्य खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. मग कोणी किल्ली मागितली तर ती मागणी तुमच्यासमोर येईल. दोन, बँकेचे आणि दुकानाचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवून ठेवू नका. तीन, अँटिव्हायरसने एखादी फाईल अडवली तर ती व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तपासा, ते अनेक अँटिव्हायरसचे मत एकदम दाखवते. एखाद-दुसरा चुकून ओरडू शकतो, पण बरेच जण ओरडत असतील तर फाईल फेकून द्या. चार, डाऊनलोड शक्यतो कर्त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा जाणकार वापरतात अशा जुन्या, ओळखीच्या ठिकाणावरूनच करा.

आणखी एक, प्रत जपण्याबद्दल. अ‍ॅव्हसिम या सिम्युलेटरप्रेमींच्या मोठ्या संकेतस्थळाकडे वर्षानुवर्षे जमवलेला मोफत अ‍ॅड-ऑनचा खजिना होता. त्यांचे दोन सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत. मे 2009 मध्ये घुसखोराने दोन्ही एकाच वेळी पुसले. संकेतस्थळ पुढे पुन्हा उभे राहिले, पण धडा राहिला : मूळ आणि प्रत एकाच छताखाली ठेवली तर ती प्रत नव्हे. मुलाने डाऊनलोड केलेल्या झिप आणि विकत घेतलेल्या वस्तूंचे क्रमांक वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावेत. त्याच ड्राइव्हवर अब्बांच्या हिशेबाची प्रतही जाऊ द्या.

एक वही

शेवटी एक साधी शंभर पानी वही घ्यावी. प्रत्येक अ‍ॅड-ऑनला एक ओळ : नाव, आवृत्ती, कुठून आणले, कोणत्या तारखेला बसवले, कोणत्या फोल्डरमध्ये, आणि काढायचे कसे. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर ते अ‍ॅड-ऑन आज बसवायचे नाही. तेवढा एक नियम घरात ठरवून टाका.

तेव्हा भगिनींनो, मुलाला सांगा : विमान उडव, जरूर उडव. अँटिव्हायरस चालूच राहील, पासवर्ड आमच्याकडे राहील आणि वही तुझ्याकडे. महिन्यातून एकदा ती वही घेऊन आमच्याजवळ बस आणि कोणता पाहुणा का आणला ते समजावून सांग. जो मुलगा हे नीट सांगू शकतो, त्याच्या हाती घरचा संगणक सुरक्षित आहे असे समजायला हरकत नाही.